अफनासीचा हिशेब

दाभोळच्या जेट्टीवर धोपाव्याच्या फेरीबोटीची वाट बघत मी मोबाइलवर 'परदेसी' संपवला. १९५७चा भारत-रशिया संयुक्त सिनेमा, ख्वाजा अहमद अब्बास आणि वसिली प्रोनिन यांचा. त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन १५व्या शतकात बहमनी राज्यात येतो, नर्गिसच्या चंपाला सापाच्या विषातून वाचवतो, प्रेमात पडतो. सोबतीला बलराज साहनी, गाणी, दोन देशांची मैत्री. बघायला छान आहे. पण ज्या वहीवरून तो काढलाय ती वाचली असेल, तर पटत नाही.

'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास' ही वही तोट्यात गेलेल्या माणसाची आहे. अस्त्राखानजवळ तातार त्याला लुटतात. गेलेल्या मालाला तो 'रुखल्याद' म्हणतो. 'मऊ रुखल्याद' म्हणजे रशियनमध्ये फर. ज्याचं घरी काही होतं तो परतला, ज्याच्या डोक्यावर कर्ज होतं तो वाट फुटेल तिकडे गेला, असं लिहून तो स्वतः दरबंदकडे निघतो. पुढे एकच घोडा घेऊन चौलला उतरतो. जुन्नरपर्यंत त्या घोड्यापायी शंभर रूबल गेलेले. तिथला असदखान घोडा काढून घेतो: मुसलमान हो, घोडा आणि हजार मोहरा देतो, नाहीतर घोडाही गेला आणि वर हजार मोहरा दंड. मुदत चार दिवस. एक खोरासानी ख्वाजा मध्ये पडतो म्हणून सुटका होते.

माझ्या मते वहीचा जीव इथे आहे. हिंदुस्थानात यायचं तर आपला धर्म रशियात ठेवून या, असं तो बांधवांना बजावतो. पोथ्या लुटीत गेल्यामुळे त्याला ईस्टर कधी हेही कळेनासं होतं. अंदाजाने उपवास धरतो. मिरी आणि रंग स्वस्त, पण जकात जबर, समुद्रात चाचे. आपल्या देशात खपेल असा माल इथे नाही, आपल्याला फसवलं, म्हणून चिडतो. सिनेमाला हा चिडका अफनासी परवडला नसता.

दाभोळ त्याला मोठं बंदर वाटलं. अरबस्तान, खोरासानचे घोडे इथे उतरत. इथूनच होर्मुझला जायला त्याने दोन मोहरा मोजल्या. जहाज भरकटून हबशांच्या किनाऱ्याला लागलं. तांदूळ, मिरी, भाकऱ्या देऊन लूट टळली.

स्मोलेन्स्कला पोचण्याआधीच तो वारला. वह्या १४७५मध्ये मॉस्कोच्या दरबारी कारकुनाकडे, वसिली मामिर्योवकडे पोचल्या. शेवटी प्रार्थना आहे. लिपी रशियन, शब्द अरबी.