एकवीस आणि वीस एक

‘चार नगरांतले माझे विश्व’ हे डॉ. जयंत नारळीकर यांचे आत्मचरित्र आणि डॉ. मंगला नारळीकर यांचे ‘गणितगप्पा’ ही दोन पुस्तके आम्ही अलीकडे लागोपाठ वाचली. पहिल्यास २०१४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला व त्यावर पुष्कळ लिहिले गेले. दुसरे मुलांचे म्हणून बाजूला राहिले. मंगलाबाई जुलै २०२३ मध्ये आणि जयंतराव मे २०२५ मध्ये निवर्तले. आता दोघांचेही लेखन एकत्र ठेवून वाचण्यास हरकत नसावी. तसे वाचले असता दुसऱ्या पुस्तकाचे वजन वाढते, असे आमचे मत झाले आहे.

आत्मचरित्रातील चार नगरे म्हणजे वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे. यांपैकी वाराणसीचा भाग निःसंशय सरस. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, आई संस्कृतच्या जाणकार. घरातल्या फळ्यावर मोरूमामा भाच्यासाठी एखादे अवघड गणित लिहून ठेवीत आणि ते सुटेपर्यंत, किंवा भाचा हार मानीपर्यंत, तसेच राहू देत. आत्मचरित्रातला हा फळा आम्हांस केंब्रिजच्या सन्मानांहून अधिक बोलका वाटला. पुढे पुणे येते, ‘आयुका’च्या उभारणीची हकीकत येते, आणि निवेदन हळूहळू अहवालाच्या अंगाने जाऊ लागते. लेखकाचा संयम तेथे वाचकाच्या उत्सुकतेच्या आड येतो. नारळीकरांची पहिली विज्ञानकथा ‘कृष्णविवर’ मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने गेली, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती मंगलाबाईंनी लिहून काढली होती, हे आता सर्वश्रुत आहे.

त्या अक्षराच्या धनीण स्वतः गणिती होत्या. संख्यांच्या सिद्धांतात त्यांनी संशोधन केले होते. ‘गणितगप्पा’त विद्वत्तेचा भार नाही. नावाप्रमाणे गप्पा चालतात आणि त्या ओघात वाचक कागद-पेन्सिल हाती घेतो. मराठीत विज्ञानावर लिहिताना बहुतेक लेखक आश्चर्य वाटतात; मंगलाबाई काम वाटून देतात. आमच्या मते हाच त्या पुस्तकाचा मोठा गुण.

याच लेखिकेचे नाव २०१९ च्या जूनमध्ये महाराष्ट्रभर झाले, ते मात्र वेगळ्या कारणाने. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणितात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे संख्यावाचन दिले होते. गणित समितीच्या प्रमुख या नात्याने मंगलाबाईंनी त्याचे समर्थन केले. मुलांना जोडाक्षरे जड जातात, आणि लिहिताना आधी दोन व मग एक, पण बोलताना आधी एक, ही उलटापालट गोंधळाची ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. जुनी नावे पुस्तकातून काढलेली नव्हती. तरी मराठी बुडाली अशी ओरड झाली, विनोद झाले आणि वाद विधिमंडळात पोहोचला.

विरोधकांच्या हाती एक बळकट मुद्दा होता, तो त्यांनी वापरला नाही. एकक आधी उच्चारण्याची चाल प्राचीन आहे. जुने ज्योतिषी श्लोकात संख्या गुंफीत त्या एककापासूनच. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ (इ.स. ११५०) ही तर पद्यातच आहे, आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापिल्याचा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. गणित आणि काव्य यांची फारकत आपल्याकडे उशिरा झाली. ‘एकोणीस’ या शब्दात वीसमधून एक वजा करण्याची क्रिया दडली आहे. एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणनव्वद अशी ती शिस्तीने चालते. हिंदीत एकोणनव्वदला ‘नवासी’ म्हणतात, म्हणजे तेथे ही शिस्त आधीच मोडते. मराठीत ती फक्त नव्व्याण्णवला मोडते. अशा शब्दांवर माया जडली तर ती अनाठायी म्हणता येणार नाही.

पण ही माया ज्याच्या कानावर ते शब्द जन्मापासून पडले त्याची आहे. आम्ही हे लिहितो ते माजरीहून. वर्धा नदीच्या खोऱ्यातल्या या कोळशाच्या गावी खाणींमुळे तेलुगू, छत्तीसगढी, भोजपुरी बोलणारी कुटुंबे आली आणि स्थिरावली. तेलुगू घरातले मूल एकवीसला ‘इरवै ओकटी’ म्हणते, म्हणजे शब्दशः वीस एक. मराठी शाळेत त्याला ‘दोन’ शिकवतात. मग तो दोन बावीस, बत्तीस, बेचाळीस, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी अशी रूपे घेऊन येतो, आणि यांतल्या एकातही ‘दोन’ हा उच्चार सापडत नाही. ज्या मुलाला घरी कोणी पाढे म्हणून दाखवीत नाही, त्याला ही नव्वदएक नावे सुटी सुटीच पाठ करावी लागतात. मग ते गणितात कच्चे ठरते. वास्तविक अडलेले असते ते शब्दांत. बेरीज त्याला येत असते. वर्तमानपत्रांतल्या त्या गदारोळात या मुलाची बाजू एकट्या पाठ्यपुस्तकाने घेतली होती.

म्हणून ‘वीस एक’ला आम्ही भाषेचा ऱ्हास मानीत नाही. ती चढण्याची पायरी आहे. वर पोहोचल्यावर एकवीस येतोच. आक्षेप घ्यायचाच तर तो निराळा आहे. ही पायरी का घातली हे वर्गातील शिक्षकाला आणि घरातील पालकाला आधी उलगडून सांगायला हवे होते, आणि ते सांगण्यास ‘गणितगप्पा’ लिहिणाऱ्या लेखणीहून योग्य लेखणी नव्हती. प्रत्यक्षात खुलासा वाद पेटल्यानंतर आला, वृत्तपत्री मुलाखतींतून, तुकड्या-तुकड्यांनी. संख्यांच्या मराठी नावांवर, त्यांच्या संस्कृत-प्राकृत घडणीवर आणि शेजारच्या द्राविडी भाषांतील मोजणीवर मिळून मंगलाबाईंनी एक प्रकरण लिहिले असते, तर ‘गणितगप्पा’तले ते सर्वोत्तम ठरले असते.