लोंबता पट्टा

दुसऱ्या महायुद्धातला जर्मन टायगर रणगाडा ५७ टनांचा. एकेका पट्ट्यात ९६ पोलादी कड्या. ओली धोतरं वाळत घातलेल्या दोरीसारखा तो पट्टा चाकांवर लोंबायचा. एकास पस्तीस मापाच्या प्रतिकृतीबरोबर बहुधा मिळणारा रबरी पट्टा मात्र इस्त्री केल्यासारखा ताठ! म्हणून हौशी मंडळी वेगळे पैसे मोजून रेझिनच्या १९२ कड्या आणतात, एकेक खिळीनं जोडतात. कडी रेखीव, पट्टा खरोखर फिरतो. पण रणगाडा जाणार कुठं? काचेच्या कपाटात! तिथं परीक्षा लोंबण्याची, आणि रेझिन पडलं हलकं. मग झोळ देऊन डिंकानं चिकटवा. म्हणजे फिरणं संपलं! धातूची कडी आपल्याच भारानं झुकते. अहो, नम्र व्हायला नुसते सांधे मोकळे असून भागत नाही. अंगी वजन लागतं.