सायकलीचा खर्च किलोमीटरमध्ये मोजला की काय होतं

मागच्या वेळी आपण बससेवेबद्दल बोललो, आज सायकल. रविवारी पहाटे हेल्मेट घालून सिंहगडाकडे निघते ती नव्हे, रोज कामावर नेणारी. पुणे हे एके काळी सायकलींचं शहर होतं, हे तुम्ही इतक्यांदा ऐकलंय की मी ते पुन्हा उगाळत नाही. मला बोलायचंय ते महापालिकेच्या मुख्य सभेनं डिसेंबर 2017 मध्ये मंजूर केलेल्या सायकल आराखड्याबद्दल.

आधी श्रेय देऊ. शहरभर 800 किलोमीटरहून मोठं जाळं, पार्किंग, भाड्याच्या सायकली, असा सगळ्या शहराचा सायकलच्या अंगानं विचार त्यात आहे. तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. आज वाटतं, आपण चुकीच्या आकड्याला टाळ्या वाजवल्या.

कारण किलोमीटर हे सायकलीचं माप नाहीच, ते ठेकेदाराचं माप आहे. निविदा लांबीवर निघते, बिल लांबीवर निघतं. मग ट्रॅक कुठे होतो? जिथे करायला सोपा असतो तिथे. रुंद रस्त्याकडेला रंगीत ब्लॉक बसवले की झालं. आणि चौक आला, की ट्रॅक संपतो. वळणाऱ्या गाड्यांमुळे खरा धोका असतो तो नेमका चौकातच! तिथली दहा मीटर जागा दोन किलोमीटर ब्लॉकपेक्षा मोलाची आहे, पण बिलात ती दहा मीटरच.

पैसाच नव्हता म्हणावं, तर तशीही सोय नाही. वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला महत्त्व द्या, असं केंद्राच्या नागरी वाहतूक धोरणानं 2006 मध्येच सांगितलं. त्याच सुमारास स्वारगेटच्या दोन्ही बाजूंना, कात्रज ते हडपसर, बीआरटी सुरू झाली, केंद्राच्या निधीतून, शेजारी सायकल ट्रॅकसकट. ट्रॅक बांधले गेले. पण बांधणं हा भांडवली खर्च, झाडणं, दुरुस्ती, लावलेल्या गाड्या उचलणं हा महसुली. पहिल्याला उद्घाटन असतं, दुसऱ्याला कोण नारळ फोडणार?

खरी परीक्षा मात्र आराखड्यानंतर तीनच महिन्यांत झाली. मार्च 2018 मध्ये पार्किंग धोरण सभेपुढे आलं. रस्त्यावर गाडी लावायची तर पैसे द्या, एवढंच त्यात होतं. विरोध झाला, आणि धोरण प्रायोगिक म्हणून पाच रस्त्यांपुरतं उरलं. तेही रखडलं. सायकलला कोटी रुपये द्यायला कुणाचा विरोध नव्हता. दुकानासमोरची मोटारीची जागा द्यायची म्हटल्यावर मात्र हात आखडले. स्पेनमधल्या सेव्हिल शहरानं 2006 नंतर थोड्याच वर्षांत रस्त्यापासून वेगळं, सलग जोडलेलं जाळं उभं केलं आणि सायकलींची संख्या कित्येक पटींनी वाढली. त्यासाठी त्यांनी पार्किंगच्या हजारो जागा काढल्या. आपण त्यांच्या जाळ्याचे फोटो दाखवतो, ही गोष्ट गाळतो. मीही गाळत आलोय.

आणि हे पालिकेपुरतं नाही. ऑगस्ट 2019 पासून विजेवरच्या मोटारीला जीएसटी 5 टक्के होता. साध्या सायकलला 12. हा फरक मिटायला सप्टेंबर 2025 उजाडला. सहा वर्षं! वीस लाखांची गाडी पर्यावरणस्नेही ठरली आणि पाच हजारांची सायकल नुसती वस्तू.

आमच्या सोसायटीचे रात्रीचे वॉचमन सात किलोमीटर सायकल मारत येतात. वाटेत ट्रॅक आहे, पण ते गाड्यांतूनच चालवतात. मी विचारलं, काका, ट्रॅकवरून का येत नाही? म्हणाले, "साहेब, तिथं डीपी आडवा, पुढं टपरी, मग पायरी. तीनदा उतरून सायकल उचलायची, त्यापेक्षा रस्ता बरा." फिटनेस, प्रदूषण, कार्बन हे आपले शब्द या माणसासाठी नव्हतेच. चळवळीतल्या आपल्या सभांना त्यांना कधी बोलावलं होतं का, हेही आठवून बघा. मला तरी आठवत नाही.

पुढचं अंदाजपत्रक आलं, की सायकलच्या शीर्षाखालची रक्कम वाचून थांबू नका. त्यातली देखभालीला किती, चौकांना किती, आणि मागच्या वर्षीची किती रक्कम वर्गीकरणानं दुसऱ्या कामाकडे गेली, हे विचारा. माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा, ते प्रश्नोत्तरांत सांगतो. हं, मागच्या रांगेत हात वर आहे, बोला.