पोलादी माणूस आणि दुबळा वार्ताहर

आंद्रे वायदा यांच्या 'मॅन ऑफ आयर्न' या पोलिश चित्रपटास १९८१ साली कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक लाभले. ते कलाकृतीचे की ग्दान्स्कच्या संपकऱ्यांचे, असा प्रश्न चित्रपट पुन्हा पाहताना आम्हांस पडला. गोदीतील संप १४ ऑगस्ट १९८० रोजी सुरू झाला, ३१ ऑगस्टला करार झाला आणि वर्ष उलटण्यापूर्वी चित्रपट पडद्यावर आला. ही घाई लपत नाही.

नायक माचेक व त्याची पत्नी आग्नेश्का यांच्या ठायी दोष असा नाहीच. आम्हां धर्मगुरूंस संतचरित्रांची सवय. पण तेथेही संतांचे मोह सांगितलेले असतात! विवाहप्रसंगी तर लेख वालेंसा स्वतः साक्षीदार म्हणून उभे राहतात आणि प्रसंगाचे भित्तिपत्रक होते.

खरा जिवंत माणूस आहे तो विंकेल. माचेकची बदनामी करण्यासाठी वरिष्ठांनी धाडलेला हा आकाशवाणीचा मद्यासक्त वार्ताहर. संपकाळात शहरात दारूबंदी आहे. हॉटेलच्या न्हाणीघरात त्याच्या हातून बाटली फुटते, तेव्हा तो फरशीवरची दारू टॉवेलने टिपून पिळून घेतो. सत्ता बंदुकीइतकीच अशा माणसांच्या भीतीवर चालते, हे मारियन ओपानिया या नटाने एका शब्दावाचून दाखविले आहे.

चित्रपटाचा गाभा मात्र पितापुत्रांच्या दुराव्यात आहे. १९६८ साली विद्यार्थी रस्त्यावर आले, तेव्हा कामगार बाप अलिप्त राहिला. डिसेंबर १९७० मध्ये कामगार उठले, तेव्हा मुलगा आला नाही आणि बाप गोळीबारात पडला. ही दरी पुढे बुजली कशी? जून १९७६ च्या दडपशाहीनंतर बुद्धिजीवींनी कामगार संरक्षण समिती स्थापिली. खटल्यांत वकील दिले, बडतर्फ कामगारांच्या कुटुंबांना पैसे पोहोचविले. चळवळ तेथे जन्मली, असे आमचे मत आहे. आणि नेमका हाच काळ वायदा धावत्या स्मृतिचित्रांत उरकतात. गर्दी चित्रित करणे सोपे, घरोघरी जाणे कठीण.

शेवट मात्र त्यांनी निर्भयपणे केला आहे. जल्लोष चालू असताना एक अधिकारी विंकेलला सांगतो की, हा करार म्हणजे केवळ कागद आहे. १३ डिसेंबर १९८१ रोजी पोलंडमध्ये लष्करी कायदा पुकारला गेला आणि या चित्रपटावरही बंदी आली.