अनुदान कुणाचं आणि कशाचं?

मंडळी, ‘कोळसा, तेल, वायू यांच्यावरची सरकारी अनुदानं बंद करा, म्हणजे हवामानबदलाला आळा बसेल’ हे विधान आपण इतक्यांदा ऐकलंय की ते तपासायचं राहूनच जातं. कोथरूडमध्ये तर ते चटकन पटतं. आज त्याची परीक्षा करू. त्यातलं किती टिकतं ते पाहू.

आधी ‘अनुदान’ हा शब्द घेऊ. आपले नैयायिक लक्षणाचे तीन दोष सांगतात: अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. लक्षणात जे यायला हवं ते सुटलं तर अव्याप्ती, नको ते आत आलं तर अतिव्याप्ती. या चर्चेत हे पहिले दोन्ही दोष आहेत.

‘अनुदान म्हणजे अर्थसंकल्पात दिसणारा पैसा’ असं म्हटलं की अव्याप्ती होते. चंद्रपूरचं औष्णिक वीजकेंद्र 2920 मेगावॉटचं. तिथली राख आणि धूर चंद्रपूरकरांच्या श्वासात जातो, त्याचा खर्च आपल्या वीजबिलात येत नाही. तो तेच भरतात, दवाखान्यात. राज्याच्या त्याच वीजजाळ्यावर आपले दिवे लागतात. मग हेही अनुदानच झालं की! फक्त देणारा चंद्रपूरचा माणूस आहे, आणि त्याला कुणी विचारलेलं नाही.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं हे हिशेबात धरलं. 2023च्या अहवालात त्यांनी जगाचं 2022 सालचं इंधन-अनुदान 7 लाख कोटी डॉलर मांडलं. त्यातलं उघड अनुदान 1.3 लाख कोटी. उरलेल्यात मोठा वाटा प्रदूषण आणि तापमानवाढीच्या, किमतीत न धरलेल्या हानीचा. सरकारं मात्र शब्दांत अडकली. 2009 साली पिट्सबर्गला जी-20 देशांनी ‘अकार्यक्षम’ अनुदानं काढायचं ठरवलं. 2021 साली ग्लासगोत पुन्हा तेच विशेषण. अकार्यक्षम कशाला म्हणायचं, याची सर्वमान्य व्याख्या नाही. आपलं अनुदान अकार्यक्षम आहे असं कुठलं सरकार आपणहून म्हणेल?

आता अतिव्याप्ती. आपल्याकडे पेट्रोलचे दर 2010 मध्ये आणि डिझेलचे 2014 मध्ये नियंत्रणमुक्त झाले. गॅसचं अनुदान स्वेच्छेनं सोडा, असं आवाहन 2015 मध्ये झालं. 2020 पासून सर्वसाधारण ग्राहकाच्या खात्यात ते येणंच थांबलं. कोथरूडच्या स्वयंपाकघरांचं त्यावाचून अडलं नाही. पण ज्या घरात सिलिंडर परवडेनासा होतो, तिथली बाई पुन्हा चुलीपुढे बसते. शेवटी उज्ज्वला योजनेतल्या घरांना 2022 मध्ये सिलिंडरमागे 200 आणि 2023 मध्ये 300 रुपये द्यावे लागले. तिचा सिलिंडर आणि कारखान्याचा स्वस्त कोळसा एकाच शब्दात बसवणं, ही अतिव्याप्ती.

शेतीपंपाच्या विजेचं पाहा. 2004च्या निवडणुकीआधी सुशीलकुमार शिंदे यांच्या सरकारनं ती मोफत केली. 2005 मध्ये विलासराव देशमुखांच्या सरकारनं ती सवलत काढून घेतली. 2024 मध्ये, पुन्हा निवडणुकीच्या वर्षात, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षं मोफत वीज जाहीर झाली. राज्याची बहुतेक वीज कोळशाची, तेव्हा हे कोळशाचंच अनुदान म्हणायचं. ते काढून घ्या म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की ही वीज अनेक ठिकाणी रात्रीची येते. शेतकरी अंधारात, साप-बिबट्याच्या भीतीत पाणी धरायला जातो. ‘फुकट’ या शब्दात ही किंमत दिसत नाही.

आमचं म्हणणं असं: मदत कुणाला, आणि मदत कशाच्या रूपात, हे दोन प्रश्न वेगळे करा. शेतकऱ्याला मदत हवी आहे. ती कोळशातूनच मिळाली पाहिजे असं काही नाही. 2023च्या सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा हेच करू पाहतो: गावाजवळ सौरवीज तयार करायची आणि पंपांना दिवसा द्यायची. इथं मदत राहते, इंधन बदलतं. अर्थात फुकटच्या उन्हानंही विहीर उपसलीच जाते. भूजलाचा प्रश्न यानं सुटत नाही, तो स्वतंत्रपणे सोडवावा लागेल. पण क्रम कळतो: आधी पर्याय हाती द्यायचा, मग जुना आधार काढायचा.

म्हणजे मूळ विधान टिकतं, पण सुरुवात कुठून करायची ते त्यात नाही. आमच्या मते ती वरून व्हावी. विजेच्या दरावर वीज नियामक आयोगापुढे जाहीर सुनावणी होते, नागरिकांना हरकती-सूचना देता येतात. दर वाढवू नका, असं सांगायला आपण तिथं जाऊ शकतो. चंद्रपूरच्या धुराचा खर्च आधी आमच्यासारख्या भरू शकणाऱ्यांच्या बिलात घाला, असं सांगायला जाणार का? ती तयारी नसेल, तर चुलीपुढच्या बाईला आणि रात्री पाणी धरणाऱ्याला ‘तुमचं अनुदान सोडा’ म्हणायचा अधिकार आपल्याला पोचत नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.