बंदर नसलेलं ‘पोर्ट’

पोर्टलीश हे गाव आयर्लंडच्या नकाशावर शोधायचं असेल तर किनाऱ्यावर शोधू नका. लीश काउंटीचं हे मुख्य ठिकाण डब्लिनहून कॉर्कला जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, डब्लिनपासून साधारण 80 किलोमीटरवर आहे. लीशला समुद्रकिनारा नाही, आणि तिला लागून असलेल्या काउंट्यांनाही नाही. मग नावात ‘पोर्ट’ कसं आलं? पीएचडीच्या काळात या मार्गावरून अनेकदा जाणं व्हायचं, तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे. पॉडकास्टमध्ये तो दोन मिनिटांत उरकला. इथे जरा निवांत बोलू.

नेहमीचं उत्तर असं, की आयरिश भाषेत ‘पोर्ट’ म्हणजे फक्त बंदर नव्हे. काठ, बांध, गढी हेही त्याचे अर्थ आहेत. म्हणून पोर्टलीश म्हणजे ‘लीशची गढी’. उत्तर बरोबर आहे, पण बहुतेक जण इथेच थांबतात, आणि माझी तक्रार तिथूनच सुरू होते. गढी कुणाची, हे विचारायला नको का?

ही गढी बांधली इंग्रजांनी, 1548च्या सुमारास, आणि ती बांधली स्थानिक ओ’मोर घराण्याची सत्ता मोडण्यासाठी. पुढे मेरी राणीच्या राज्यात या मुलखाचं ‘क्वीन्स काउंटी’ झालं आणि गावाचं ‘मेरीबरो’. शेजारच्या ऑफलीची ‘किंग्ज काउंटी’ झाली. तिथल्या ठाण्याला मेरीचा नवरा, स्पेनचा फिलिप, याच्यावरून ‘फिलिपस्टाउन’ म्हणू लागले. स्वातंत्र्यानंतर, 1929 साली, मेरीबरो जाऊन पोर्टलीश आलं. म्हणजे परकीय राणीचं नाव पुसून जे ‘अस्सल’ नाव लावलं, ते बोट दाखवतं परकीयांच्याच किल्ल्याकडे. त्यात ‘पोर्ट’ हा शब्दही मुळातला आयरिश नाही. तो लॅटिनमधून आलेला आहे.

लॅटिनमध्ये जुळ्या बहिणींसारखे दोन शब्द आहेत: ‘पोर्टुस’ म्हणजे बंदर आणि ‘पोर्टा’ म्हणजे दरवाजा. दोघींचं मूळ एकच, ‘ओलांडणे, पलीकडे जाणे’ या अर्थाचा इंडो-युरोपीय धातू. आपला ‘पार’ त्याच घरातला. इंग्रजी ‘फोर्ड’ म्हणजे नदीचा उतार, फ्रँकफुर्टमधला ‘फुर्ट’, अवेस्तातला पुलासाठीचा ‘पेरेतु’ हे सगळे भाऊबंदच. लॅटिनमध्ये अरुंद बोळाला ‘अँगिपोर्टुस’ म्हणत. तिथेही पाण्याचा संबंध नाही, जाण्यायेण्याचा आहे.

आता युरोपभर काय झालं बघा. इंग्रजीत ‘पोर्ट’ म्हणजे बंदर, पण जुन्या इंग्रजीत बाजारपेठेचं गावही. स्वीडिशमध्ये तेच अक्षर-न्-अक्षर ‘पोर्ट’ म्हणजे दरवाजा. बंदराला ते ‘हाम्न’ म्हणतात. वेल्शमध्ये ‘पोर्थ’ म्हणजे दरवाजाही आणि बंदरही, कारण दोन्ही लॅटिन शब्द तिथे येऊन एकमेकांत मिसळले. इंग्रज खलाशी जहाजाच्या डाव्या बाजूलाही ‘पोर्ट’ म्हणतात. आधीचा ‘लारबोर्ड’ हा शब्द ‘स्टारबोर्ड’सारखा ऐकू येऊन घोटाळे व्हायचे, म्हणून 1844 साली ब्रिटिश नौदलाने तो बंद केला. पोर्ट वाइनचं नाव पोर्टो शहरावरून, आणि त्या शहराच्या ‘पोर्टुस काले’ या जुन्या नावावरून अख्ख्या पोर्तुगालचं. आयरिशमध्ये तर ‘पोर्ट’ म्हणजे वाजवायची धूनही. ‘त्याचं पोर्ट वाजून झालं’ असं आयरिशमध्ये म्हटलं, की समजायचं गडी आटोपला.

पण सगळ्यात मजेशीर स्पॅनिश. ‘पुएर्तो’ म्हणजे बंदर आणि ‘पुएर्तो’ म्हणजे डोंगरातली खिंडही. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी फ्रान्समध्ये सेंट-झाँ-पिए-द-पोर नावाचं गाव आहे. त्यातला ‘पोर’ही खिंडीचाच. मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही. आपल्याकडे नदीवर घाट असतो आणि बोरघाटही असतो. पाण्यात उतरायची जागा आणि डोंगर उतरायची वाट, दोन्हींना एकच शब्द. त्याखेरीज भांड्याला घाट असतो आणि लग्नाचा घाट घातला जातो, ते वेगळंच. युरोपियनांनी हा शब्द उचलला तो वाटेसाठी नाही, अख्ख्या डोंगररांगेसाठी: ‘वेस्टर्न घाट्स’. आणि आज आपण शाळेच्या पुस्तकात ‘पश्चिम घाट’ म्हणजे पर्वतरांग असंच शिकतो. हा अर्थ चुकीचा म्हणायचा का? सह्याद्री म्हणणारे नाक मुरडतील, पण शब्द तर रुळला.

इथे मला ब्रायन फ्रीलच्या ‘ट्रान्सलेशन्स’ या नाटकाबद्दल बोलायचंय. 1980 साली डेरीत पहिल्यांदा झालेलं हे नाटक 1833च्या डोनेगलमध्ये घडतं. इंग्रज लष्कर नकाशे बनवतंय आणि आयरिश गावनावांची इंग्रजी रूपं ठरवतंय. भाषा आणि सत्ता यांवर बोलताना हे नाटक हमखास पुढे केलं जातं, आणि त्यातून काढलेला निष्कर्षही ठरलेला असतो: आधी एक शुद्ध, अर्थपूर्ण नाव होतं, साम्राज्याने ते मोडलं. हे वाचन मला अपुरं वाटतं. प्रत्यक्ष सर्वेक्षणात जॉन ओ’डोनोव्हनसारखे आयरिश विद्वान नावांची जुनी रूपं कसोशीने नोंदवत होते, ही इतिहासाची बाजू झालीच. पण खुद्द नाटकातही एका चौकाच्या नावाची गोष्ट आहे. नाव विहिरीवरून पडलेलं, विहीर केव्हाच आटलेली, ज्या ब्रायनमुळे तिला नाव मिळालं तो जवळपास कुणालाच आठवत नाही. मग नाव ठेवायचं की बदलायचं? फ्रीलला अडचण ठाऊक होती. त्याचा आधार घेणारे मात्र ती वगळतात.

इंग्रजीत व्युत्पत्तिशास्त्राला ‘एटिमॉलॉजी’ म्हणतात. त्यातल्या ग्रीक ‘एटिमॉन’चा अर्थ शब्दाचा ‘खरा’ अर्थ. जुना तो खरा, ही समजूत त्या शास्त्राच्या नावातच बसलेली आहे. मराठी ‘व्युत्पत्ती’ तेवढा दावा करत नाही. शब्द कसा उपजला एवढंच ती सांगते. पोर्टलीश हे नाव योग्यच आहे असं मला वाटतं, पण ते जुनं किंवा शुद्ध आहे म्हणून नव्हे. एका समाजाने 1929 साली ते आपलं म्हणायचं ठरवलं आणि लोक ते बोलू लागले, म्हणून. भाषाशुद्धीच्या चळवळीतला ‘दिनांक’ टिकला तोही वापरामुळे, आणि अरबीतून आलेली ‘तारीख’ अजून ठणठणीत आहे तीही वापरामुळेच. फारसी ‘बंदर’ तर कोकणातल्या कुणालाही परकं वाटत नाही.

हा वाद फक्त कोशकारांचा असता तर एवढं लिहिलं नसतं. मुंबईत किंवा गोव्यात कुणाला ‘घाटी’ म्हणून हिणवलं आणि तो चिडला, की समोरचा लगेच व्युत्पत्ती काढतो: ‘अरे, घाटावरचा तो घाटी, त्यात काय वाईट?’ व्युत्पत्ती बिनचूक आहे. पण ऐकणाऱ्याला शब्दाचं मूळ लागलेलं नसतं, त्याचा आजचा वापर लागलेला असतो. तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘मूळ अर्थ असा आहे’ म्हणून तुमचं तोंड बंद करायला आलं, तर त्याला एवढंच विचारा: आत्ता हा शब्द कोण, कुणाला उद्देशून आणि कशासाठी वापरतंय?