‘संत तुकाराम’ : विमान आणि चूल

चित्रपटाविषयी विद्यार्थ्यांशी बोलताना आम्ही शिक्षक मंडळी एक चूक हटकून करतो. कथानक सांगतो, तात्पर्य काढतो आणि मोकळे होतो. आमच्या शाळेत प्रभातचा ‘संत तुकाराम’ (1936) दाखविला, तेव्हा एका मुलाने विचारले, “सर, जिजाई विमानातून का गेली नाही?” “संसाराची आसक्ती,” असे आम्ही तत्काळ उत्तर दिले. ते उत्तर आम्ही पोथीतून दिले होते, चित्रपटातून नव्हे, हे पुढे ध्यानी आले आणि मनास रुखरुख लागली.

संतपटाचा साचा ठरलेला असतो : भक्ती, दुर्जनांकडून छळ, चमत्कार आणि शेवटी देवाघरचे बोलावणे. दामले-फत्तेलाल यांनी हा साचा मोडला नाही. इंद्रायणीत बुडविलेल्या वह्या येथेही परत येतात, विमानही उतरते. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव पावलेल्या या कृतीचे वेगळेपण केवळ प्रकारावरून उमगणार नाही.

त्यासाठी कथेची मांडणी पाहावी. तुकोबांना येथे दोघांचा विरोध आहे. सालोमालो हा रूढ खलपुरुष. जिजाईचा विरोध मात्र निराळा, कारण तिची तक्रार खरी आहे : घरात दाणा नाही, मुले उपाशी आहेत. मूल आजारी पडते तेव्हा ती त्याला ओढीत, हाती वहाण घेऊन, थेट विठोबापुढे जाते. प्रेक्षक हसतो, पण ते हसू तिला खाली पाडीत नाही. गौरीबाईंनी ही भूमिका अशा काही रोखठोकपणे केली आहे की, भक्तीला विचारलेला भुकेचा प्रश्न आपल्याही मनात उभा राहतो.

आता तंत्र. आरंभीच एकच अभंग दोघांच्या तोंडी येतो. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा स्थिर बसून, आत पाहत गातात; सालोमालो तोच अभंग हावभावांनी नटवून आपला म्हणून मिरवतो. एका दृश्यास दुसरे जोडताच खऱ्याखोट्याचा निवाडा होतो. भाष्याचा एक शब्दही लागत नाही. चमत्कारांमागची छायालेखनाची युक्ती आजच्या मुलांना सहज ओळखू येते. तरी चित्रपट कोसळत नाही, कारण आपला विश्वास त्या युक्तीवर बसलेलाच नसतो. तो त्या मुद्रेवर आणि त्या दरिद्री घरावर आधीच जडलेला असतो.

म्हणून त्या मुलाला आज आम्ही निराळे उत्तर देऊ. तुकोबा तिलाही चल म्हणतात. ती मागे राहते, कारण चूल आणि मुले मागे आहेत. चित्रपटाने आरंभापासून तिच्या या भाराची बूज राखली आहे. शेवटी तिला दोषी ठरविण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

वर्गात ‘तात्पर्य काय?’ हे अवश्य विचारावे. परंतु त्याआधी ‘काय दिसले, कसे दिसले?’ हे विचारावे. आम्ही ते विचारले नाही. त्या मुलाने मात्र ते पाहिले होते.